चिंबोरी कॉइनचा वाटा

कळव्याच्या खाडीत पूर्वी एवढा मोठा जिताडा मिळायचा की त्याचं डोकं कळव्याच्या बाजारात विकायला बसायचं आणि शेपूट मुंब्र्याच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा त्यावर वाद नको. आता खाडीत मासळी कमी आणि पिशव्या जास्त. म्हणून मितेशनं मोबाइलमध्येच जाळं टाकलं, यात नवल नाही.

मितेश म्हणजे मासळीवाल्या शेवंतीचा भाचा. शिक्षण बी.कॉम., जन्म कोळ्याच्या घरातला, आणि लोकांना जशी बस लागते तशी याला होडी लागायची. बंदराला बांधलेली होडी नुसती हलताना पाहिली तरी याच्या पोटात कालवायचं. म्हणून नाथा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, त्याला किनाऱ्यावरच ठेवायचा. जाळी धू, बर्फ आण, म्हावरं निवड.

होडीवर मिळकतीचे वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्याचा एक, तांडेलाचा एक आणि प्रत्येक गड्याचा एक. नवख्या पोराला अर्धा. मितेशला मिशा फुटून जुन्या झाल्या तरी तो अर्ध्यावरच होता. तेही त्यानं सोसलं असतं, पण त्याच्याहून धाकटा आर्यन यंदा पूर्ण वाट्यावर चढला आणि भर अंगणात त्याला ‘ए अर्ध्या’ अशी हाक मारू लागला. हाक एवढी रुळली की दूधवालासुद्धा दारात येऊन विचारायचा, “अर्धा आहे का घरात?” आणि शेवंती म्हणायची, “नको, आज एक लिटर दे.”

अशात डोंबिवलीच्या अनिशनं, कॉलेजातल्या मित्रानं, त्याला क्रिप्टोचा नाद लावला. नाणी हजारो, हातात एकही येत नाही. एकावर कुत्रा, एकावर बेडूक. मितेशला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एका नाण्यावर लाल चिंबोरी दिसली, म्हणजे आपला खाडीतला खेकडा. निदान ओळखीचं जनावर तरी आहे, असं म्हणून त्यानं साठवलेले सगळे अर्धे वाटे त्या चिंबोरी कॉइनमध्ये घातले.

आणि चिंबोरी चढली. अशी चढली की मितेश उजव्या हातानं जेवायचा आणि डाव्या हातानं भाव बघायचा. एकदा तर भाताचा घास मोबाइलला भरवता भरवता राहिला. शेवटी न राहवून तो जाळं दुरुस्त करत बसलेल्या नाथाकडे गेला.

“काका, चिंबोरी विकू का ठेवू? अनिश बोलतो थांब, ही चंद्रावर जाणार.”

“चंद्रावर? चिंबोरी?” नाथानं चष्मा कपाळावर चढवला. “कोन हाय ह्यो अनिश?”

“डोंबिवलीचा.”

“तरीच. येड्या, चंद्र भरला की चिंबोरी पोकळ. पुनवेची फोडून बघ, आत नुसतं पानी. भरलेली गावते ती आवसेला. आज काय हाय?”

“मंगळवार.”

“आवस हाय आज. इकून टाक.”

यामागे शास्त्र काय, ते मला विचारू नका. नाथाला क्रिप्टोतलं काडीचं कळत नव्हतं. पोरगा फोनवरून खेकड्यांच्या ऑर्डरी घेतोय अशीच त्याची समजूत होती. पण मितेशनं विकलं. पौर्णिमेपर्यंत चिंबोरी कॉइन इतकं पोकळ झालं की कवचही शिल्लक राहिलं नाही. अनिश त्या रात्री गच्चीत चंद्राकडे बघत बसला होता म्हणतात.

पैसे बँकेत आले. मितेशनं ठाण्याच्या मॉलमध्ये जाऊन पांढरेशुभ्र बूट घालूनही पाहिले. पण आरशात बघताना त्याला वाटलं, हे बूट घालून अंगणात गेलो तरी आर्यन म्हणणार, ‘अर्ध्या, बूट छान आहेत.’ त्यानं बूट काढून ठेवले. आपण आणलेल्या मिळकतीत आपल्याला अर्धा वाटा कोण देईल, असा हिशेब करून त्यानं सगळे पैसे काढले आणि नाथाच्या अंगणात, चारचौघांत, समोर ठेवले.

“काका, माझी पहिली कमाई. वाटे पाडा.”

नाथा खूश झाला. “पोराला रीत कळते. आधी तुझं आमिषाचं काय गेलं, ते काढून घे.”

मितेशनं मुद्दल काढून खिशात घातलं. “आणि तीस टक्के सरकारला.”

“होडीत चढला नाय, जाळं वढलं नाय, ह्यो वाटेकरी कनचा?”

“कर आहे, काका. द्यावाच लागतो.”

“बरं. ऱ्हायलं त्यात होडीचा वाटा. फोन कोनी घेऊन दिला?”

“मीच,” शेवंती म्हणाली. “म्हणजे होडी माझी.” आणि तिनं पदर पुढे केला.

“जाळ्याचा?”

आता शेजारचे विठ्ठलराव उठले. मूळचे साताऱ्याकडचे, रेल्वेतून निवृत्त, मोजकं आणि स्वच्छ बोलणारे. “गेलं वर्षभर मितेश आमचं वायफाय वापरतोय. आता इंटरनेटमधलं नेट म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.”

अंगणानं क्षणभर विचार केला आणि मान्य केलं. नेट म्हणजे जाळंच. विठ्ठलराव वाटा घेऊन खाली बसले.

“तांडेलाचा माझा. आवस मी सांगितली,” नाथा म्हणाला. “आता ऱ्हायला गडी. तू काय केलंस?”

“बटण दाबलं.”

“आनि?”

“परत दाबलं.”

आर्यन मागून म्हणाला, “दोनदा दाबलं म्हणजे अर्धा अर्धा करून एक झाला की.” अंगण हसलं. मितेशचे कान चिंबोरीसारखे लाल झाले. पण तो जागचा हलला नाही.

“काका, पूर्ण वाटा पायजे.”

नाथा गंभीर झाला. “पूर्न वाटेकरी फायद्यात असतो तसा तोट्यातही असतो. आपल्या होडीचं इंजिन बसलंय. पूर्न वाट्यावाल्यांनी वर्गनी काढायची ठरलंय. तुझा पूर्न वाटा त्यातच जाईल, वर थोडं मुद्दलही. अर्ध्या वाट्याला वर्गनी नाय. अर्धा घे, गुमान घरी जा, बूट घे, मौज कर.”

“अरे, घे अर्धा,” शेवंती पुटपुटली. “बी.कॉम. केलंयस ना?”

मितेशनं समोरच्या नोटांकडे पाहिलं. मग खिशातून मुद्दलातल्या थोड्या नोटा काढून त्यावर ठेवल्या आणि सगळी चळत नाथाकडे सरकवली.

“पूर्ण.”

“बघ हां. सगळा नफा गेला.”

“जाऊ दे. फक्त एकदा मोठ्यानं सांगा. आर्यन मागे उभा आहे, त्याला नीट ऐकू जात नाही.”

नाथानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वादळात दुसऱ्या होडीला घालतात तशी हाक घातली, “मितेश, पूर्न वाटा!” खाडीपलीकडे ठाण्याच्या बाजूला रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, “कोण गं हा मितेश?” शेजारीण म्हणाली, “कोणीतरी मोठा माणूस असणार.”