वर केलेला हात

गोदीतल्या सगळ्यात उंच क्रेनवर चोवीस वर्षं बसणाऱ्या माणसाला खालचे सगळे घारोबा म्हणत. दिवसभर वर एकटा आणि नजर खाली, म्हणून नाव अगदी चपखल. पण जमिनीवर उतरला की घारोबाची पार चिमणी व्हायची. चार माणसांत बोलायची वेळ आली की तो कोपरा गाठायचा. आणि आता, छप्पन्नाव्या वर्षी, त्याला कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन बसायचं होतं. नव्या क्रेन म्हणे खालच्याच एका खोलीतून, पडद्याकडे बघत चालवायच्या होत्या.

"पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला लावतात," बायकोने बजावलं होतं. "तिथे मूग गिळून बसू नका. घरात माझं डोकं खाता तेवढं नको, पण दोन वाक्यं तरी बोला."

दोन वाक्यं त्याने वाटेत घोकली. 'मी क्रेन चालवतो. मला शिकायला आवडेल.' दुसरं वाक्य निम्मं खोटं होतं, पण ऐकायला बरं होतं.

वर्ग एका शाळेत होता, शनिवारी सकाळी. बाक मुलांचे, त्यामुळे मोठमोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला टेकायला आलेले. घारोबा शेवटच्या बाकावर कसाबसा मावला, घाम पुसला आणि दाराकडे पाहिलं, तर तिथल्या खुंटीवर हिरवी छत्री. तिला पिवळ्या कापडाचं ठिगळ.

तो बाकावरून अर्धवट उठलाच. कारण ती छत्री तो अकरा वर्षं वरून बघत होता. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ती पाण्याच्या टाकीपाशी यायची, थांबायची, मिटायची, आणि तिच्याखालची बाई मान वर करून थेट त्याच्या क्रेनकडे बघायची. मिनिटभर. मग छत्री उघडून परत. एवढ्या उंचीवरून चेहरा काय दिसणार? पण रोज कुणीतरी आपल्याकडे बघतं, याचं त्याला फार अप्रूप होतं. का बघत असेल, यावर त्याने आणि बायकोने जेवताना कितीतरी तर्क लढवले होते. "तुमचं रूप बघायला येत असेल," असं म्हणून बायको पोट धरून हसायची.

सहा वर्षांपूर्वी मात्र एक गोष्ट घडली. त्या दिवशी पहाटे घारोबाला नात झाली. आनंद पोटात मावेना आणि वर सांगायला चिटपाखरू नाही. एक दहाला छत्री आली. त्याने खिडकी उघडली, कंबरेपर्यंत बाहेर वाकला आणि अख्खा हात हलवला. बाईने पाहिलं आणि पाठ फिरवून चक्क पळत सुटली! पाठोपाठ मुकादमाचा वायरलेसवर हुकूम, काम बंद, सगळे खाली. नंतर वादळही झालं, पण घारोबाच्या मनात पळून गेलेली बाईच राहिली. आपण परक्या बाईला हात केला, तिला काय वाटलं असेल? त्या दिवसापासून छत्री दिसली की तो मान वळवून दुसरीकडे बघायचा. बायकोलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि आज ती याच खोलीत होती. समोर सहा बायका. यातली कोणती? चेहरे बघून काही उपयोग नव्हता, वरून त्याला दिसायची ती फक्त डोकी. म्हणून तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून नजर फिरवली. तरी पत्ता लागेना. दुसऱ्यांदा उठला तेव्हा शेजारी बसलेल्या एका बेकरीवाल्याने विचारलं, "काका, सकाळी खारट खाल्लंत काय?"

शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. "नावं माझ्या यादीत आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही काम सांगा, आणि त्या कामातली एखादी गोष्ट. चुकलात तरी चालेल, लाजलात तर नाही चालणार."

बेकरीवाल्याने आपण पहाटे उठायला तीस वर्षांत एकदाही अलार्म लावला नाही हे सांगितलं. एका निवृत्त नर्सने सांगितलं की तिला सुईची भीती वाटते, आणि वर्ग खो खो हसला. घारोबा एकेका बाईचं बोलणं कान टवकारून ऐकत होता. मग पहिल्या बाकावरची, केस आखूड कापलेली एक बाई उभी राहिली.

"मी वारा मोजते," ती म्हणाली. "हसू नका, खरंच. गोदीत असते. मीटर आहे, पण माझा त्याच्यावर भरवसा नाही. दुपारी वारा फिरतो, तेव्हा मी बाहेर जाऊन उंच क्रेनच्या टोकावरची कापडी पिशवी बघते. ती किती फुगलीय त्यावरून कळतं."

पिशवी! घारोबाला ती रोज चढताना दिसायची. केबिनच्या छताच्याही वर, टोकाला बांधलेली. बाई बघते ती पिशवी, आपल्याला नाही, हे अकरा वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

"पण एकदा पिशवी नुसती लोंबत होती," बाई पुढे सांगू लागली. "मीटरही गप्प. मी परत फिरणार, तेवढ्यात वरच्या माणसाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जोरजोरात हात हलवला. एवढ्या उंचीवर जिवावर उदार होऊन कोण असं करेल? मी पळतच गेले आणि काम थांबवलं. साहेब माझ्यावर असे खेकसले की विचारू नका. वीस मिनिटांनी वारा आला. रिकाम्या कंटेनरचा ढीग ढासळला, आणि जिथे सात माणसं काम करत होती, बरोबर तिथे."

बेकरीवाला ऐकता ऐकता बाकावर पुढे सरकला.

"त्या माणसाला भेटून आभार मानायचे म्हणून मी कितीदा खाली थांबले. पण मी आले की तो तोंड फिरवायचा. काही माणसांना मोठेपणा नको असतो. नवीन कुणी कामाला आलं की मी त्याला हीच गोष्ट सांगते. म्हणते, मीटर बघा, पण वरच्या माणसाचा हातही बघा."

टाळ्या पडल्या. मॅडमनी डोळे पुसले आणि शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "काका, आता तुम्ही."

घारोबा उभा राहिला. घोकलेली दोन्ही वाक्यं कुठल्या कुठे पळाली होती. नुसतं 'तो मीच' म्हटलं असतं तरी पुरे होतं. लोकांनी डोक्यावर घेतलं असतं आणि बायकोने शेजारीपाजारी सांगितलं असतं. खरं बोललं तर या बाईने सहा वर्षं जपलेली गोष्ट इथेच, सगळ्यांदेखत, मोडणार होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहरा आज पहिल्यांदाच दिसत होता, आणि ती अगदी मन लावून त्याचं ऐकायला वळून बसली होती. अशा चेहऱ्याशी त्याला खोटं बोलवेना.

"मी क्रेन चालवतो," तो म्हणाला. "यांनी सांगितली ती. तो हात माझा होता."

वर्गात एकच गलका झाला. बेकरीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. घारोबाने सगळ्यांना गप्प करायला हात जोडले.

"पण बाई, मला वाऱ्याचं काही कळलं नव्हतं. मी... मी आपला सहज हात केला तुम्हाला. आनंद झाला होता म्हणून. तुम्ही पळालात, मला वाटलं तुम्हाला राग आला. लाजेने तोंड फिरवायचो मी. मोठेपणा कसला आलाय."

सगळे बाईकडे बघू लागले. ती हळूच उठली, खाली बसली, मग परत उठली. घारोबाला वाटलं, आता ही खुंटीवरची छत्री उचलणार आणि निघून जाणार.

"म्हणजे मी साहेबांशी भांडले ते उगाच?"

"उगाच कसं? सात माणसं वाचली ना तुमच्यामुळे."

ती त्याच्याकडे बघत राहिली, खालून वर बघायची तशीच, पण आता अगदी जवळून. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, नुसतं नवल होतं.

"ते राहू द्या हो," ती शेवटी म्हणाली. "एवढा कसला आनंद झाला होता, ते सांगा आधी."

"नात झाली होती," घारोबा म्हणाला. "त्याच दिवशी, पहाटे. तुम्हाला तेच सांगत होतो."