पाचवी कडी

सुभाषने आपल्या मित्राला, आलोकला, सांगितलं की उंची मोजून झाली आहे. ती मोजली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आखातातल्या अबू हलीफात, बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत तो हे खोटं बोलला. मराठी मंडळाचा वाळवंटातला हिवाळी कॅम्प होता आणि दरवर्षीसारखा तो आपली कॅरॅव्हॅन गाडीला जोडून नेणार होता. कॅरॅव्हॅन जोडली की तिचा भार गाडीच्या मागच्या अंगावर येतो आणि गाडीचं नाक वर होतं. मग दोन पोलादी दांड्या साखळ्यांनी ताणून तो भार पुढच्या चाकांकडे न्यायचा. किती ताणायचं ते पुढच्या चाकावरचं मडगार्ड सांगतं. त्याची जमिनीपासूनची उंची जोडण्याआधी मोजायची, जोडल्यावर पुन्हा मोजायची, आणि दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत साखळीच्या कड्या बदलत राहायचं.

मोजायचं काम सुजाताचं, त्याच्या बायकोचं. शिवणाचा पिवळा टेप घेऊन ती चाकापाशी उकिडवी बसायची. मागच्या वर्षी सुभाष सगळ्यांदेखत म्हणाला होता, "गाडीला ब्लाऊज शिवतेस की काय?" लोक हसले. तीही हसली, पण मोजल्याशिवाय उठली नाही.

फेब्रुवारीत ती गेली. शिवणाचा डबा तेव्हापासून कपाटावर होता. सुभाषने त्याला हात लावला नव्हता. आलोकने विचारलं तेव्हा टेप वर घरात राहिलाय एवढंच सांगायचं होतं. पण मग वर जाऊन डबा उघडावा लागला असता. त्यापेक्षा 'हो' म्हणणं सोपं होतं. साखळी दरवर्षी पाचव्या कडीवर बसते, म्हणून त्याने यंदाही पाचव्याच कडीवर अडकवली.

त्याच्या गाडीत मागे त्याची सतरा वर्षांची मुलगी पूर्वी आणि आलोकची सहा वर्षांची अक्षरा बसल्या. आलोक आपल्या गाडीतून मागोमाग निघाला.

वस्ती संपून रस्ता मोकळा झाला आणि बाजूने एक मोठा ट्रक गेला. कॅरॅव्हॅन एकदा डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि मग गाडीचं शेपूटच हलवायला लागली. सुभाषने ब्रेक दाबला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. अक्षरा रडायला लागली. पूर्वीने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. शेवटी गाडी कडेच्या वाळूत थांबली.

आलोक धावत आला. त्याने आधी मुलीला पाहिलं, मग कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. पुढचं कपाट रिकामं होतं. तिथे सुजाताचे तांदळाचे डबे, कुकर, तवे, पाण्याचे कॅन असायचे. मार्चमध्ये सुभाषने ते सगळं लोकांना वाटून टाकलं होतं. यंदा त्याने मंडळाचा जनरेटर आणि खुर्च्या चढवल्या होत्या, तेही पार मागे, त्यामुळे पुढची बाजू हलकी होऊन कॅरॅव्हॅन डोलायला लागली होती. पाचवी कडी सुजाताच्या सामानाची होती. ते सामान आता नव्हतं, आणि उंची मोजली असती तर ते निघण्याआधीच कळलं असतं.

"मोजलं होतंस ना?" आलोकने विचारलं.

"नाही."

 मागून पूर्वी म्हणाली, "यू लाइड, बाबा. अक्षरा होती गाडीत."

तिने अक्षराचा हात धरला आणि दोघी आलोकच्या गाडीत जाऊन बसल्या. 

मग दोघा पुरुषांनी कॅरॅव्हॅन सोडवली. नायलॉनची दोरी मडगार्डपासून जमिनीपर्यंत धरून उंचीला गाठ मारली. जनरेटर ओढत पुढे आणला. पुन्हा जोडल्यावर गाठ जुळली ती सहाव्या कडीवर, एक कडी सैल. हात पुसताना आलोक हळूच म्हणाला, "तिथे वाऱ्याचं सांगू. कोणाला कळणार नाही."

कॅम्पवर सगळे उशीर का झाला म्हणून विचारायला लागले. आलोकने वाऱ्याचं सुरूही केलं. सुभाषने मान खाली घातली होती. ती त्याने तशीच ठेवली.

"वारा नव्हता," तो म्हणाला. "मी उंची मोजली नाही आणि मोजली म्हणून सांगितलं. सुजाता मोजायची तेव्हा मी तिची टिंगल करायचो, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

कोणी हसलं नाही. कोणीतरी त्याच्या हातात चहा दिला, तो तिथेच निवला.

शनिवारी कॅम्पवरून परत निघताना तो दोरी घेऊन चाकापाशी एकटाच बसला. दोरीचं वरचं टोक घसरत होतं. कोणीतरी येऊन ते धरलं. ती पूर्वी होती. तिने वाकून गाठ पाहिली, दोनदा पाहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण घरी गेल्यावर आईचा टेप काढ."

एवढं बोलून ती आलोकच्या गाडीत जाऊन बसली. सुभाषने आरशात ते पाहिलं आणि सावकाश गाडी रस्त्यावर घेतली.