चाकामागची पाचर

काळेवाडीच्या धोंडीबाने जुन्या टायरचं काय केलं नाही? चपला केल्या, विहिरीचे पोहरे केले आणि दर नव्या कल्पनेपायी बायकोची बोलणी खाल्ली. पण चौऱ्याहत्तर साली त्याने ट्रकच्या चाकामागे लावायची रबरी पाचर करायला घेतली, तेव्हा गिरजाबाई चकार शब्द बोलली नाही. उलट टायरचे तुकडे तिनेच एकावर एक धरले आणि त्याने बोल्ट आवळले.

कारणच तसं होतं. पिंपरीच्या नाक्याजवळ चढावर ट्रक थांबला, की ड्रायव्हर चाकामागे दगड लावत आणि निघताना तो तिथेच टाकून जात. असल्याच एका दगडावर धोंडीबाची सायकल आदळली, मागे बसलेली गिरजाबाई पडली आणि पायाने कायमची अधू झाली. दगड कुणाचा, देव जाणे. रस्त्यात पुन्हा कुणाला तसा दगड आडवा येऊ नये, एवढंच आता दोघांना हवं होतं.

पहिली पाचर त्यांनी ओळखीच्या जयसिंग ड्रायव्हरला दिली. त्याची बघून बाकीचे मागतील, असा त्यांचा होरा. जयसिंग माणूस लाखात एक, पण नवी वस्तू वापरायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. लग्नातलं घड्याळ अजून डबीत आणि सीटवरचं प्लॅस्टिक अजून सीटवर!

आठवड्याने दोघं नाक्यावर बघायला गेली. शेजारधर्म म्हणून मीही गेलो. जयसिंगच्या चाकामागे हा भलामोठा दगड! आणि पाचर? ती केबिनमध्ये देवाच्या फोटोखाली, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून.

"वापरून झिजवू कशाला, वहिनी?" जयसिंग म्हणाला. "एवढ्या मायेनं दिलेली वस्तू. दगड काय, रग्गड हायेत."

धोंडीबाचं तोंड पडलं. मला हसू फुटत होतं, पण गिरजाबाईकडे पाहिलं आणि ते गिळलं. तिने जयसिंगकडून हार मागून घेतला, लंगडत मागच्या चाकापाशी गेली आणि दगडाला घातला.

"पुजायचंच असंल तर ह्याला पुजा, भावजी. लई जागृत हाय. नवस न बोलताच माझा पाय घेतला यानं."

जयसिंगचा चेहरा पार उतरला. त्याने पाचर आणून चाकाला लावली. आता हार घातलेल्या दगडाला लाथेने सारणार कोण? बिचाऱ्याने पायातलं काढलं, दगड दोन्ही हातांनी उचलला आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली नेला.

"हितं ठेवू का, वहिनी?"

"अजून आत," गिरजाबाई म्हणाली.