तन्हाईतले चौदा दिवस

सरोजिनी मॅडमनी कोठडी स्वतः झाडली, फिनाइलने पुसली, गादी अंथरली आणि बाहेर येऊन कुलूप शलाकाच्या हातात ठेवलं. मग त्या पुन्हा आत गेल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

शलाका तशीच उभी राहिली. तुरुंगात प्रहरी म्हणून तिची नोकरी दोन वर्षांची, मॅडमची एकतीस. महिला विभागाच्या मुख्य प्रहरीलाच कोंडायचं, हे तिच्या हातून होईना.

"मॅडमजी, घरी क्वारंटीन चालेल ना. ऑर्डरमध्ये लिहिलंय तसं."

"वाचलीय मी ऑर्डर. लाव."

समोरच्या बराकीच्या गजांशी बायका गोळा झाल्या होत्या. शेवटी शलाकाने किल्ली फिरवली.

दोन हजार वीसचा मे महिना होता. इंदूरची गल्ली न् गल्ली बंद होती. मुलाखती थांबल्यामुळे बंदी बायकांनी दोन महिने घरचं माणूस पाहिलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी एका प्रहरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मॅडमनी स्टाफला सरळ सांगितलं, की रोज बाहेरून आत येणारे आपणच, म्हणजे आजार आपल्याच वर्दीवरून आलाय. त्या प्रहरीबरोबर त्या एका डब्यात जेवल्या होत्या. त्यांना वेगळं राहणं भागच होतं.

खरी काळजी बराकीची होती. अडतीस बायका हातभर अंतरावर झोपत. तपासणीची किट मोजकीच होती, लक्षणं असतील त्यांच्यापुरती. ज्यांना ताप-खोकला असेल त्यांनी पुढे यावं, असं मॅडमनी दोनदा सांगून पाहिलं. कोणी आलं नाही. कारण वेगळं ठेवायला जागा एकच होती, तन्हाई. मारामारी करणारीला शिक्षा म्हणून जिथे एकटीला कोंडत, त्या या चार कोठड्या. आता तिथे नेलेली बाई परस्पर प्लास्टिकमध्ये गुंडाळली जाते, असं बराकीत पक्कं झालं होतं.

म्हणून मॅडम घरी न जाता तिथे गेल्या होत्या.

आतूनच त्यांनी कामकाज चालवलं. बायकांची सकाळची गिनती गजांमागून मोठ्या आवाजात घेतली. जेवण बराकीतलंच, तीच डाळ, त्याच पोळ्या. पहिल्याच दुपारी त्यांनी शलाकाला हाक मारली आणि चारही कोठड्यांत माठ ठेवायला सांगितलं.

"एकतीस वर्षं इथे बायकांना पाठवत आले," त्या म्हणाल्या. "पाण्यासाठी हाका माराव्या लागतात, हे आज कळलं."

दुसऱ्या दिवशी पंखे आले. आतून बराक दिसत नव्हती म्हणून गजांवर टांगलेलं तरटही काढून टाकलं.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर सखुबाई बोचकं घेऊन बराकीच्या दाराशी आली. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप, साठी उलटलेली. बराकीतली भांडणं तिच्या एका शब्दावर मिटत.

"मला खोकला आहे," ती म्हणाली. "तीन दिवस झाले."

शलाकाने तिला मॅडमच्या शेजारच्या कोठडीत नेलं. बसण्याआधी सखुबाईने माठात हात बुडवला आणि बराकीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, की पानी एकदम थंडा है, पंखा पण चालतो.

तासाभरात वल्लरी उठून आली. बावीस वर्षांची पोर, खटला अजून सुरू व्हायचा होता. सखुबाईच्या शेजारी झोपायची. तिच्या अंगात एकशे दोन ताप होता. तिच्यामागून शिवांगी नावाची आणखी एक आली.

वल्लरी आणि शिवांगी, दोघींचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाले. वल्लरीला हॉस्पिटलात पाच दिवस ऑक्सिजन लागला. आणखी दोन दिवस ती बराकीत राहिली असती तर तिच्यासाठी उशीर झाला असता, आणि बाकीच्यांसाठीही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. दोघी बऱ्या होऊन परतल्या. बराकीत तिसरी कोणी आजारी पडली नाही. मॅडमचा आणि सखुबाईचा रिपोर्ट निगेटिव्ह होता.

पंधराव्या दिवशी सकाळी शलाकाने मॅडमची कोठडी उघडली. वर्दी नीट करून त्या बाहेरच्या टेबलाशी बसल्या. सखुबाईचे चौदा दिवस अजून भरायचे होते, पण डॉक्टरांनी तिलाही कोठडीतून सोडायला सांगितलं होतं. शलाका तिचा तक्ता पुरा करत होती. रोज दोनदा ताप, पुढे खोकल्याचा रकाना. त्यात सगळीकडे शलाकाच्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. तिने पान उलटून पहिला दिवस पाहिला. तिथेही तेच.

"सखुबाई, तुझा खोकला थांबला केव्हा?"

सखुबाई चादरीची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली.

"माझ्या शेजारची ती पोरगी तोंडात ओढणी कोंबून खोकायची," ती हळूच म्हणाली. "नाव कसं देणार? जेलमध्ये कोणी कोणाचं नाव देत नाही. म्हटलं, आपणच जाऊन बसू. मागून येईल."

शलाकाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या आणि सखुबाईच्या मध्ये बारा दिवस एकच भिंत होती. मॅडमनी तक्ता ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली.

चहाची किटली आली. मॅडमनी दोन कप भरले आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, सखुबाई."

तुरुंगात बंदी बाईला कोणी 'बसा' म्हणत नाही. सखुबाई बोचकं छातीशी धरून उभीच राहिली. मग तिने ते खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि खुर्चीत बसली.