ढालीचं पान

पूर्णेच्या कुसुमबाई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी घराच्या भिंतींवर झाडं चढवायला घेतली. कुंडी नाही, माती नाही. सागाच्या फळीवर नारळाचा काथ्या दाबायचा, त्यावर स्टॅगहॉर्न नेच्याचं रोप ठेवून तंगुसाच्या दोऱ्यानं आवळायचं आणि फळी खिळ्याला टांगायची. पानं सांबराच्या शिंगांसारखी फुटतात, म्हणून त्या त्याला सांबरशिंगी म्हणत. परभणीच्या उन्हात हे टिकायचं नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. कुसुमबाईंकडे आता चौदा फळ्या होत्या.

त्यातली सगळ्यात मोठी परभणीच्या डॉक्टर प्रमोदिनींनी हौसेनं नेऊन आपल्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत लावली. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"कुसुमताई, झाड गेलं हो. बुडापासून वाळलंय."

"गेलं का न्हाई ते मी बघून सांगते. तोवर कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या परभणीला पोचल्या. शिंगं लोंबत होती. एसीचा वारा थेट झाडावर येत होता. पण कुसुमबाईंनी आधी बूड बघितलं. मुळांवर ढालीसारखी गोल पानं असतात. ती वाळून तपकिरी होतात आणि तशीच चिकटून मुळांना जपतात. इथं ती अर्धीअधिक ओरबाडलेली होती.

"ही कुणी काढली?"

झाडलोट करणाऱ्या सरजाबाई पुढं आल्या. "मीच. रोज एक तुकडा काढायले. वाळकं पान भिंतीवर बरं दिसतंय का?"

"जखमेवरची खपली तरी कुठं बरी दिसती? पण काढतो का आपण?"

सरजाबाईंनी जीभ चावली.

कुसुमबाईंनी फळी उतरवली, बादलीत बुडवून ठेवली आणि मग मागच्या व्हरांड्यात, कोवळं ऊन येतं तिथं टांगली. "पंधरा दिवस द्या, डॉक्टर. पाणी फक्त सरजाबाई देतील. फळी उचलून बघायची, हलकी लागली की बुडवायची."

"अहो, पण त्यांनीच तर..."

"म्हणूनच. आता त्या चुकायच्या न्हाईत."

"आणि नाही जगलं तर?"

"जगल. कोण पेशंट उठणार ते मला कळतंय."

बाराव्या दिवशी फोन आला तो सरजाबाईंचाच. "बाई, हिरवी ढाल फुटायलीय! बोटाच्या पेराएवढी!"

पुढच्या महिन्यात कुसुमबाई गेल्या तेव्हा शिंगं ताठ उभी होती आणि फळीच्या कडेला एक पिल्लू डोकावत होतं. त्यांनी चाकूनं ते मुळांसकट अलगद सोडवलं.

"सरजाबाई, तुमच्या घरी सावली अन् ओलावा कुठं हाय?"

"न्हाणीच्या भिंतीला. पण मला कशाला?"

"तुमीच वाढवलंय की."

दोघी व्हरांड्यातच फतकल मारून बसल्या. मोडक्या खुर्चीची पाठ सापडली, तीच फळी झाली. तंगूस सरजाबाईंनी आवळला. कुसुमबाईंनी फक्त गाठ ओढून बघितली. ती हलली नाही.