मूळ गाडीत मी नव्हतो

मी एक जुना हीटर आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या कॅल्युमेट गावाबाहेरच्या एका गॅरेजात, रंगाच्या डब्यांमागे फळीवर पडून असतो. सुपीरियर सरोवरावरचा वारा दाराच्या फटीतून आत येतो आणि माझ्या पत्र्याला झोंबतो. एकेकाळी त्याच वाऱ्याशी मी दोन हात करत होतो. आता अंगात तेवढं बळ नाही आणि खरं सांगायचं तर हौसही नाही.

माझा जन्म एका बेकरीच्या गाडीसाठी झाला. पहाटे पाव वाटायला निघालेली ती गाडी बर्फावरून घसरून खांबावर आदळली आणि भंगारात गेली. तिथून मला रेइनो कांगासने उचललं. तो तांब्याच्या खाणीच्या कारखान्यात फिटर होता. बोलायला कमी, हाताला पक्का.

त्याच्याकडे दोन माणसांची, कापडी टपाची एक स्पोर्ट्‌स गाडी होती. तिच्या पहिल्या मालकाला शर्यतीत धावायचं होतं. वजन वाढू नये म्हणून त्याने ती हीटरशिवायच मागवली होती. हीटरच्या जागी गाडीच्या कारखान्याने पत्र्याचं एक झाकण बसवून दिलं होतं. पुढे त्या माणसाचं लग्न झालं, शर्यतीचं वेड ओसरलं आणि गाडी रेइनोकडे आली. घरात दुसरी गाडी नव्हती. बर्फ असो, ऊन असो, तीच.

रेइनोची बायको लेंपी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिच्या बोटांना एक विकार होता. जरा गारठा लागला की बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडत आणि वाकता वाकत नसत. रविवारी चर्चला पोहोचल्यावर बिचारी हात काखेत धरून भट्टीजवळ उभी राहायची आणि लोक खोळंबायचे.

म्हणून रेइनोने मला आणलं. पण मी त्या कारखान्याचा नव्हतो. माझे नळ त्या गाडीत बसेनात. तेव्हा त्याने ते झाकण काढून टाकलं आणि इंजिनमागच्या पत्र्याला दोन नवी भोकं पाडली. शेजारचा वाइनो कॉफीचा कप घेऊन बघायला आला होता.

"रेइनो, अरे शर्यतीची गाडी ही! तिची चाळण करतोस?"

"हं."

"पुढे कोणी घेणार नाही ती. कुत्रंसुद्धा मुतणार नाही तिच्या चाकावर."

"लेंपीला रविवारी वाजवायचं असतं," रेइनो म्हणाला आणि कानस चालवत राहिला.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. इंजिनचं गरम पाणी माझ्या पोटातून फिरायचं, पंखा घरघरायचा आणि लेंपी हातमोजे काढून दोन्ही तळवे माझ्यापुढे धरायची. हळूहळू बोटांत रंग यायचा. चर्चच्या दारात उतरताना ती माझ्यावर थाप मारून म्हणायची, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" तेव्हा मी काही म्हातारा नव्हतो. कधी माझा नळ गळायचा आणि तिचे रविवारचे बूट भिजायचे. त्या दिवशी शिव्याही मीच खायचो.

गावातल्या गाडीशौकिनांनी मात्र रेइनोला कधी सोडलं नाही. दर उन्हाळ्यात मेळावा भरायचा. रेइनोने बॉनेट उघडलं की कोणीतरी माझे नळ बघून हसायचं. "पावाची गाडी आली रे!" त्याची मुलगी ऐला बाजूलाच उभी असायची. तिचे कान लाल व्हायचे.

वर्षं गेली. लेंपीची बोटं उन्हाळ्यातही वळेनाशी झाली आणि तिने ऑर्गन सोडला. मग रेइनो गेला. गाडीवर ताडपत्री पडली. माझ्या पंख्यात उंदरांनी घर केलं. त्यांची पिल्लं माझ्या अंगावर वाढली. कोणालातरी आपला उपयोग होतोय, एवढंच समाधान.

मग एके दिवशी ताडपत्री निघाली. समोर ऐला होती, केस पिकलेली, बापासारखेच पक्के हात असलेली. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तश्शी करायची, असं तिने ठरवलं होतं. मी तिला नावं ठेवणार नाही. असं काम मी कुठे पाहिलं नाही. तिने त्याच सालचे बोल्ट शोधले. कारखान्यातल्या कोण्या कामगाराने घाईत खडूने मारलेली खूण पुसण्याआधी तिचा फोटो काढला आणि नंतर ती तशीच पुन्हा मारली. डिकीत रंगाचा ओघळ होता, तोही तिने पुन्हा तसाच ओघळवला. हीटरच्या जागेचं ते झाकणसुद्धा तिने कुठूनसं मिळवलं.

राहिलो मी. चूक म्हणून.

लेंपी काठी टेकत गॅरेजात आली. बरोबर वेलचीचा गोड पाव होता.

"हा काढणार?" तिने माझ्याकडे बोट केलं.

"आई, मूळ गाडीत हा नव्हता."

"मूळ गाडीत मीपण नव्हते."

"तसं नव्हे गं! मेळाव्याच्या परीक्षकांनी 'अस्सल मूळ गाडी' असा शेरा दिला ना, की बाबांच्या गाडीला परत कोणी हसणार नाही."

लेंपीने पाव कापून लेकीपुढे ठेवला आणि निघून गेली. ऐलाने एकदा साधं पाणी भरून इंजिन चालवून बघितलं. माझं शेवटचं काम ते. मग तिने मला सोडवून फळीवर ठेवलं. रेइनोने पाडलेली भोकं वेल्डिंगने बुजवली, घासली, रंगवली.

त्या वर्षी मेळावा लांबून सप्टेंबरअखेर भरला, तेव्हा दोघी त्या गाडीतून गेल्या. परतल्या तेव्हा ऐलाचा चेहरा पडलेला होता. परीक्षकाने पत्र्यावर आडवा प्रकाश टाकला आणि वेल्डिंगची पुसटशी लाट त्याला दिसली. तो शेरा हुकला. लेंपीची बोटं पांढरीफटक झाली होती. ऐलाने आईला स्टुलावर बसवलं, तिचे हात स्वतःच्या कोटात घेतले आणि तिला रडू फुटलं.

"सगळं जसंच्या तसं केलं गं. तेवढी एक लाट. उद्या परत घासते."

"हात लावू नकोस तिथे."

"पण बाबांना..."

"तुझ्या बाबांना कधीच वाईट वाटलं नाही, ऐला. वाईट तुला वाटायचं. त्याला लोक हसले की तो घरी येऊन मला आपल्या पियानोवर काहीतरी वाजवायला सांगायचा." लेंपीने मान गाडीकडे वळवली. "ती लाट असू दे. माझ्यासाठी कोणी केलेलं काहीतरी दिसतंय त्यात."

मग लेंपीने वर फळीकडे बघितलं. "त्या म्हाताऱ्याच्या पोटातलं पाणी काढलंस का? थंडीत गोठेल आणि फुटेल तो."

ऐलाने डोळे पुसले, मला खाली घेतलं आणि बादलीवर वाकडं केलं. तांबडं पाणी भळाभळा गेलं. मग तिने माझे नळ फुंकून कोरडे केले आणि तोंडांना बुचं लावली.

मित्रांनो, मला परत गाडीत बसवा असं माझं मागणं नाही. मी दमलो आहे. जुन्या वस्तूला तिचं पहिलं रूप जरूर द्या. फक्त पाना लावण्याआधी एवढं विचारा, की हे इथे कोणी बसवलं, कोणासाठी. आणि काढलंतच, तर त्यातलं पाणी तेवढं ओतून टाका. हिवाळा इथे लवकर येतो.