झाकण उघडून बघा

मी एक जुना निळा ड्रम आहे, मित्रांनो. विद्यापीठाच्या फाटकापाशी उभा असतो. पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'हरित विद्यापीठ' असं लिहिलं आहे. येणारे-जाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मी मनातल्या मनात धुमसत असतो. का, ते ऐका.

माझी उमेदीची वर्षं समुद्रावर गेली. फ्रेडी नावाच्या मच्छीमाराच्या बोटीवर मी पिण्याचं पाणी सांभाळायचो. चहूकडे खारं पाणी, त्यामुळे तहान लागली की सगळे माझ्यापाशीच यायचे. एकदा बोट धक्क्यावर आपटली आणि माझ्या बुडाला चीर गेली. फ्रेडी मला भंगारात घालणार होता, पण त्याची मुलगी रेचल आडवी आली. ती या विद्यापीठात शिकते. तिने माझ्या अंगाला भोकं पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या आणि मला टेम्पोत घालून कॅन्टीनच्या मागे आणून ठेवलं.

मी खत बनवायला लागलो. चहाचा चोथा, भाजीची देठं, केळ्याची सालं, वरून सुकी पानं. रेचलने मूठभर गांडुळं सोडली होती, ती माझ्या पोटात सुखाने नांदायला लागली. सुरुवातीला मुलं नाक मुरडून जायची. पुढे माझ्यातून ओल्या मातीचा छान वास यायला लागला, तेव्हा मात्र नाक जवळ आणायला कुणी आलं नाही.

रेचलचा जीव माझ्यात अडकला होता, त्याला कारण होतं. कॅन्टीनचा सगळा कचरा रोज सकाळी ट्रकमधून जातो तो थेट तिच्या गावामागच्या डोंगरावर. उन्हाळ्यात तो ढीग पेटतो. धूर खाली घरांत शिरतो, बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांना लागतो. तिची आई मार्सेलिन खोकत खोकत ते बोंबील उलटते, आणि बाजारात गिऱ्हाईक हुंगून परत ठेवतं. स्वच्छतेचं काम बघणाऱ्या परेश सरांनी रेचलला शब्द दिला होता. हरित पुरस्काराच्या पाहणीला समिती येईल तेव्हा या ड्रममध्ये चांगलं खत दिसलं, तर असे आणखी ड्रम घेऊ आणि कॅन्टीनचा ओला कचरा ट्रकमध्ये टाकणं बंद करू.

समिती यायच्या दिवशी सकाळपासून धावपळ उडाली. मला रंग दिला. लाल, पिवळे, हिरवे नवे डबे माझ्या शेजारी मांडले. स्वागताचे पुष्पगुच्छ आले, तेही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. हे कमी म्हणून सरांनी ग्रंथालयाच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या गोपीनाथमामांना बोलावून घेतलं आणि पाहुण्यांना जराही वास येता कामा नये, अशी ताकीद दिली. मामा मुर्धा गावचे, सरळ माणूस. वास घालवायचा म्हणजे काय करायचं, ते त्यांना एकच ठाऊक होतं. त्यांनी फिनेलची अख्खी बाटली माझ्यात ओतली.

मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग त्या दिवशी मस्तकात गेली असती. माझ्या पोटात गांडुळं तडफडत होती आणि बाहेर सनई लावली होती.

समिती आली. त्यातल्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या आणि तोंडभरून कौतुक करत म्हणाल्या, कचऱ्याचा ड्रम असून कचऱ्याचा वास कसा तो नाही. रेचलने अभिमानाने झाकण उघडलं. फिनेलचा भपका आला, तिने आत बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"सर, वास नाही, कारण आत काही जिवंतच राहिलेलं नाही," ती म्हणाली.

सरांनी हसून विषय बदलला आणि पाहुण्यांना चहाकडे वळवलं. पुरस्कार मिळाला, तो भिंतीवर लागला. मला फाटकापाशी आणून उभं केलं, पुन्हा कुणी उघडू नये म्हणून झाकण तारेने आवळलं आणि वर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. खत बनवणाऱ्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची फुलं! रोज सकाळी तो ट्रक माझ्या समोरून रेचलच्या डोंगराकडे निघायचा आणि मी नटूनथटून बघत राहायचो. दिलेला शब्द सरांना आठवला नाही.

मग एका सकाळी गोपीनाथमामा आले. त्यांच्या हातात पकड होती आणि डब्यात घरच्या केळीखालची माती. रेचलही कॅन्टीनची बादली घेऊन आली होती.

"सर बोलले वास नको, म्हून वतला," मामा खाली मान घालून म्हणाले. "आत जीव हाय, ता मना कुनी सांगलाच न्हाय."

"मी तरी कुठे सांगितलं होतं, मामा," रेचल म्हणाली.

त्यांनी तार तोडली, कुंडी बाजूला ठेवली, मला आतून धुतलं. मामांच्या मातीत गांडुळं होती. तेवढ्यात सर गाडीतून उतरले आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागले. रेचलने बादली माझ्यात रिकामी केली. मागे ट्रकवाला हॉर्न देत होता. त्या दिवशी त्याला कॅन्टीनची एक बादली कमी मिळाली.

मित्रांनो, एका बादलीने डोंगर विझत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या शाळेत, कॉलेजात असा रंगवलेला ड्रम दिसला, तर त्याच्याबरोबर फोटो काढू नका. झाकण उघडा. आत काही वळवळत असेल, तर मूठभर सुकी पानं टाका. आणि फिनेलचा वास आला, तर रेचलसारखं पाहुण्यांसमोरच बोला.